गटारे राखा, माणूस उतरवू नका

भुयारी गटार साफ करण्यासाठी उतरलेले दोन किंवा तीन कामगार गॅस लागून मृत्यू पावले, अशी बातमी वर्तमानपत्राच्या आतील पानावर चार ओळींत छापून येते. पहिला उतरला तो वर आला नाही. त्याला काढावयास दुसरा उतरला, तोही आतच राहिला. तिसऱ्यास लोकांनी ओढून बाहेर काढले. ठेकेदाराविरुद्ध गुन्हा नोंदविला असून तपास चालू आहे, असे शेवटी लिहिलेले असते. मृतांची नावे वाचल्यावर ती माणसे कोणत्या वस्तीतून आली असतील हे आमच्या वाचकांस निराळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गटारावर झाकण बसते आणि शहर पुढे चालू लागते.

या पृष्ठावर आमचे बौद्ध बंधू व भगिनी धर्मांतर, हक्क आणि सवलती यांविषयी वाचावयाची अपेक्षा ठेवतात. आज आम्ही एका नळाविषयी लिहिणार आहोत. आपल्या घरातील मैलापाणी ज्या नळातून रस्त्याखाली जाते तो नळ कसा चालतो, का तुंबतो आणि त्याला कोणी राखावयाचे, हा आजचा विषय आहे. हा विषय इंजिनियरांचा आहे, आपला नव्हे, असे कोणास वाटेल. पण माणूस गटारात उतरतो याचे कारण गटार तुंबते हे आहे. आणि गटार तुंबते याचे कारण त्याला कोणी राखत नाही हे आहे. मृत्यूनंतर मिळावयाच्या नुकसानभरपाईवर सभा होतात, निवेदने दिली जातात, आणि ते योग्यच आहे. तथापि ज्या दुर्लक्षामुळे तो मृत्यू घडला ते दुर्लक्ष त्याआधी कित्येक महिने, कित्येक वर्षे त्या नळात साचत असते. त्याविषयी कोणी सभा घेत नाही.

केंद्र सरकारने २०२४ साली संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना देशभर ३७७ माणसे मेली. हा सरकारी आकडा आहे. ज्या मृत्यूची नोंद 'अपघाती पडून' अशी झाली तो यात नाही. त्याच वर्षापर्यंत 'नमस्ते' या सरकारी योजनेखाली शहरांतील गटारे व सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली होती. त्यांत ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली असे आपण १९५० पासून वाचीत आहोत. ती रस्त्यावर किती नष्ट झाली यावर वाद घालता येईल. रस्त्याखाली ती शेकडा एकोणसत्तर या हिशेबाने उभी आहे.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. या शहरात भुयारी गटारे बांधण्याचे काम १८६० च्या दशकात हाती घेण्यात आले. त्यापूर्वी घराघरांतील मैला टोपल्यांतून आणि गाड्यांतून नेला जात असे आणि ते काम करणाऱ्यांस 'हलालखोर' म्हणत. पुढे वरळीच्या लव्हग्रोव्ह येथे पंपिंग स्टेशन झाले, विटांच्या अंडाकृती मोठ्या वाहिन्या बांधल्या गेल्या. आज या शहराच्या मलवाहिन्यांचे जाळे सुमारे दोन हजार किलोमीटर लांबीचे आहे आणि जुन्या शहरात शंभर वर्षांहून अधिक वयाच्या वाहिन्या अजून वापरात आहेत. वकिली करणाऱ्या माणसाचे लक्ष मात्र दुसऱ्याच एका गोष्टीकडे जाते. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात मैला वाहून नेण्याबद्दल जो कर घरमालकाकडून घेतला जात असे त्याचे नावच 'हलालखोर कर' असे होते. म्हणजे शहराने नळ भूमीखाली घातला, पंप बसविला, विलायतेहून विद्या आणली. पण त्या सर्वांचे बिल फाडताना त्यावर नाव लिहिले ते एका जातीचे. नळ नवा झाला, त्यात उतरणारा तोच राहिला. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली आणि १९५२ मध्ये तिचा अहवाल आला. त्यालाही आता सत्तर वर्षे होऊन गेली.

आता नळाकडे वळू. गटाराचा नळ हा पाण्याच्या नळासारखा दाबाने चालत नाही. तो उताराने चालतो. बेताचा उतार दिला म्हणजे मैलापाणी आपल्याच ओघाने वाहते आणि वाहताना तळाशी बसू पाहणारा गाळही बरोबर नेते. यासाठी पाण्याचा वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर असावा, पुढे वस्ती पूर्ण वाढल्यावर ०.८ मीटर असावा, असा आपल्या देशातील अभियंत्यांचा दंडक आहे. या वेगाला ते 'स्वतः स्वच्छ ठेवणारा वेग' म्हणतात. या शब्दांवर वाचकांनी क्षणभर थांबावे. नीट बांधलेले आणि नीट राखलेले गटार स्वतःला स्वतः स्वच्छ ठेवते. त्याला माणूस लागत नाही.

तो वेग मोडतो कशाने? स्वयंपाकघरातील तेल आणि तूप गरम असताना मोरीत ओतले जाते. आत जाऊन ते थिजते आणि नळाच्या कडेला चिकटते. त्यावर चिंधी, प्लास्टिकची पिशवी, लहान मुलांचे डायपर, पाळीच्या वेळचे पॅड येऊन अडकतात. घराची दुरुस्ती निघाली म्हणजे गवंडी सिमेंटचे पाणी आणि लादीचा चुरा संडासातून सोडून मोकळा होतो. ते सिमेंट आत घट्ट बसते, आणि मग तेथे पाण्याचा जोरही चालत नाही, फोडावे लागते. तबेल्यातील शेण येते, हॉटेलांतील खरकटे येते. लंडन शहरात २०१७ साली व्हाइटचॅपल भागाखाली अशा थिजलेल्या चरबीचा आणि चिंध्यांचा २५० मीटर लांबीचा, सुमारे १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. पुढे त्याचा एक तुकडा तेथील संग्रहालयात मांडण्यात आला आणि लोक तो पाहावयास गेले. तेथेही माणसे भूमीखाली उतरली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. परंतु ती उतरली हातात वायुमापक यंत्र घेऊन, अंगात पूर्ण पोशाख घालून. आणि बापाने ते काम केले म्हणून मुलाला ते करावे लागेल अशी काही तेथे रूढी नाही.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. मुंबईत पावसाचे पाणी नेणाऱ्या वाहिन्या निराळ्या आणि मैलापाणी नेणाऱ्या निराळ्या आहेत. गल्लीत गुडघाभर पाणी साचले की कोणी तरी परोपकारी गृहस्थ पहार घेऊन येतात आणि जे झाकण हाती लागेल ते उघडून मोकळे होतात. झाकण मैल्याच्या वाहिनीचे असेल तर रस्त्यावरची सारी वाळू, खडी, कचरा त्या ओघाबरोबर आत जातो. वाहिनीचा तळ भरतो आणि पाणी ओसरल्यावर आठ दिवसांनी तीच गल्ली तुंबते. याशिवाय उघडे झाकण हे साचलेल्या पाण्याखाली कोणासच दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतील एक नामांकित डॉक्टर पाण्यातून घरी पायी जात असता उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. डॉक्टर गेले म्हणून शहर हादरले, न्यायालयांत अर्ज झाले, झाकणांखाली लोखंडी जाळ्या बसविण्याच्या गोष्टी पुढे आल्या. ते सर्व चांगलेच झाले. तथापि त्याच मॅनहोलांतून वर्षानुवर्षे जी माणसे वर आली नाहीत त्यांच्यासाठी शहर इतके कधी हादरले नव्हते, हे लिहिल्यावाचून आम्हास पुढे जाता येत नाही.

ओघ मंदावला म्हणजे काय होते हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण सर्व मृत्यूंचे मूळ तेथे आहे. थांबलेल्या मैल्यातील हवा संपते आणि हवेवाचून जगणारे जंतू वाढतात. ते हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खालीच साचून राहतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत सुमारे शंभर भागांपर्यंत तो वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. 'आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही' असे म्हणणारा मुकादम ज्या क्षणी हे म्हणतो तो क्षणच सर्वांत घातक असतो. प्रमाण पाचशे ते हजार भागांवर गेले की चार श्वासांत माणूस कोसळतो. झाकण दोन तास उघडे ठेवले तरी भागत नाही, कारण गाळात कोंडलेला वायू पाय पडताच, फावडे लागताच, सोडावॉटरच्या बाटलीसारखा एकदम वर येतो. पूर्वी दिवा सोडून पाहण्याची रीत होती. दिव्यावरून प्राणवायू आहे की नाही एवढेच कळते. विषारी वायू आहे की नाही हे कळत नाही, आणि मिथेन असेल तर स्फोट होतो. म्हणून वायुमापक यंत्रावाचून दुसरा कोणताही उपाय येथे चालत नाही.

हाच वायू नळालाही खातो. तो वर चढून नळाच्या ओलसर छतास लागतो. तेथे दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंट काँक्रीट पोखरते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे सी. डी. पार्कर या संशोधकाने १९४५ साली हे जंतू निराळे काढून दाखविले. छत पातळ होत जाते, आणि एक दिवस वरून ट्रक गेला म्हणजे रस्ता खचतो. म्हणून ज्यांना कामगाराच्या जिवाशी कर्तव्य नाही, केवळ नगरपालिकेच्या तिजोरीशी आहे, त्यांनीही हे लक्षात घ्यावे. ओघ चालू ठेवला, गाळ वेळच्या वेळी यंत्राने काढला, जुन्या वाहिन्यांना आतून नवे अस्तर दिले, तर नळ टिकतो आणि माणूसही टिकतो. दोघांना मारणारा वायू एकच आहे आणि तो एकाच निष्काळजीपणातून निर्माण होतो.

येथे आम्हास एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती लिहिण्याचे आम्ही अनेक वेळा टाळले आहे.

२०१६ सालच्या मे महिन्यात आमच्या राहत्या इमारतीचा चेंबर तुंबला. इमारतीतील बहुतेक कुटुंबे बौद्ध आहेत. दर रविवारी खालच्या खोलीत वंदना होते आणि भिंतीवर तथागतांची व परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे. सोसायटीचे सेक्रेटरी आमच्याकडे येऊन म्हणाले, "वकीलसाहेब, सरकारी गाडी चार दिवसांनी येणार म्हणतात. एक माणूस आठशे रुपयांत आजच करून देतो. काय करू?" तीन वर्षांपूर्वी झालेला कायदा आमच्या कपाटात होता, आम्ही तो वाचलेला होता. आम्ही म्हणालो, "करून टाका." गॅलरीतून आम्ही पाहिले, बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलाने सदरा काढला, नीट घडी करून कठड्यावर ठेवला, त्यावर चपला ठेवल्या आणि तो छातीपर्यंत आत उतरला. अर्ध्या तासाने त्याने आतून एक डायपरांचा गठ्ठा, एका जुन्या साडीचा तुकडा आणि सिमेंटचा नारळाएवढा गोळा बाहेर टाकला. तिसऱ्या मजल्यावर त्याच महिन्यात लादीचे काम झाले होते. तो वर आला आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, "काका, पाणी मिळेल का?" आमच्याच घरातून एक प्लास्टिकची बाटली खाली गेली आणि तिच्याबरोबर निरोप गेला की ती परत नको, ठेव.

हा निरोप कोणी सांगितला ते लिहीत नाही. आम्ही तो ऐकला आणि गप्प राहिलो एवढे पुरे आहे. आमच्या वडिलांना गावच्या पाणवठ्यावर दुरून ओंजळीत पाणी मिळे. त्या मुलाचे नावही आम्ही विचारले नाही. तो जिवंत वर आला यात आमचे काही कर्तृत्व नव्हते.

त्या दिवशी गुन्हेगार कोण होते? वकील या नात्याने याचे उत्तर आम्हास देता येते. हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या नेमणुकीस मनाई करणारा २०१३ चा कायदा आहे. त्याचे कलम ७ सांगते की कोणत्याही व्यक्तीने, स्थानिक संस्थेने किंवा अभिकरणाने गटाराच्या अगर सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणासही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष लावता कामा नये. 'कोणत्याही व्यक्तीने' या शब्दांत सोसायटीचा सेक्रेटरी येतो आणि त्याला सल्ला देणारा वकीलही येऊ शकतो. कलम ९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र व बिनजामिनी आहे. 'त्याने आपखुशीने केले, आम्ही पैसे दिले' हा बचाव चालत नाही.

या कायद्यात एक खाच आहे आणि ठेकेदारांनी ती बरोबर हेरली आहे. 'धोकादायक सफाई' याची व्याख्या संरक्षक साधने न देता करविलेली सफाई अशी आहे. म्हणून हातमोज्यांची एक जोडी देऊन छायाचित्र काढून ठेवले की ठेकेदार म्हणतो, साधने दिली होती. पण कायद्याखालील नियम त्याला इतक्यावर सोडीत नाहीत. यंत्र जेथे चालूच शकत नाही अशा मोजक्या प्रसंगी माणूस उतरवता येतो. तुटलेले झाकण आत पडले असता ते काढणे, नवी वाहिनी जुन्या मोठ्या वाहिनीस जोडणे, तळाचा पंप काढणे, मॅनहोलची पुनर्बांधणी, असे ते प्रसंग आहेत. याखेरीज अगदी अपरिहार्य असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने कारणे लिहून लेखी परवानगी दिली पाहिजे. लेखी. मुकादमाच्या तोंडी हुकमास या नियमांत स्थान नाही. आमच्या वाचकांपैकी जे कामगार आहेत, अथवा ज्यांचे भाऊबंद अद्याप या कामात आहेत, त्यांनी हा एकच शब्द पाठ करावा आणि उतरण्यापूर्वी कागद मागावा. कागद दाखवू शकणारा मुकादम विरळाच भेटेल.

२७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना १९९३ पासून गटारांत मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास १० लाख रुपये द्यावे असे ठरविले. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने गोवंडी येथील एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये २०१९ साली मेलेल्या तीन कामगारांच्या विधवांना ती रक्कम देण्याचा आदेश सरकारला दिला. कामगार खासगी ठेकेदाराने लावले होते ही सबब सरकारच्या कामी आली नाही. २० ऑक्टोबर २०२३ रोजी डॉ. बलराम सिंग यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम ३० लाखांवर नेली आणि कायमचे अपंगत्व आल्यास निदान २० लाख द्यावे असे सांगितले. २९ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू व हैदराबाद या सहा शहरांत हाताने होणारी गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. कायदा कमी पडला असे कोणी म्हणू नये. मुदतीविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. या कायद्याखालील तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते. दुःखात पहिला महिना जातो, ठेकेदाराच्या माणसांच्या विनवण्यांत दुसरा जातो, आणि तिसऱ्या महिन्यात पन्नास हजार रुपयांच्या कागदावर अंगठा उमटतो. निष्काळजीपणाने मृत्यू ओढविल्याचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो; पोलीस बहुधा तेवढेच कलम लावतात. २०१३ च्या कायद्याची कलमेही फिर्यादीत लिहून घ्यावीत असा आग्रह पहिल्याच दिवशी धरला पाहिजे.

काही सुशिक्षित बौद्ध बांधव आम्हास विचारतात की ज्या कामातून आपण धर्मांतर करून बाहेर पडलो त्याची चर्चा आपण पुन्हा कशाला करावी. त्याने आपले जुने नाते लोकांच्या ध्यानात राहते. या विचारामागील वेदना आम्हास कळते. परंतु विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या शौचकूपाविषयी नियम आहेत ते या बांधवांनी पाहावे. तेथे वडीलकीच्या मानाने आधी जाण्याची रीत पडली होती. त्यामुळे नवे भिक्खू तिष्ठत राहात. भगवंतांनी ती रीत मोडली आणि जो आधी येईल त्याने आधी जावे असे ठरविले. जागा घाण झालेली दिसली तर जाणाऱ्या भिक्खूनेच ती धुवावी, असेही सांगितले. राजकुळातून आलेल्यासाठी निराळा आणि नाभिकाच्या घरून आलेल्यासाठी निराळा असा नियम केला नाही. ज्या संघाला आपण शरण गेलो त्या संघात घाणीला जात नव्हती. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखवून दिले आहे की या देशात माणूस भंगी ठरतो तो कामाने नव्हे, जन्माने. आणि त्या कामाचे पावित्र्य गाणारे लोक त्याला त्याच कामात कायमचे बांधून ठेवीत असतात. आपण त्या कामाची स्तुती करू नये आणि त्याकडे पाठही फिरवू नये. ते काम माणसाच्या हातून काढून यंत्राच्या हाती द्यावे.

यावर दुसरी शंका येते ती पोटाची. यंत्र आले तर माणसाने खावे काय? हैदराबादेत २०१७ साली पाणीपुरवठा मंडळाने अरुंद गल्ल्यांत शिरू शकणाऱ्या ७० लहान जेटिंग गाड्या चालू केल्या. मोठी गाडी गल्लीत जात नाही म्हणून माणूस उतरवावा लागतो, ही सबब त्यांनी अशी संपविली. त्या कामी पुण्यात स्थापन झालेल्या दलित उद्योजकांच्या संस्थेचे, डिक्कीचे, साहाय्य होते. २०१९ साली दिल्लीत अशाच २०० गाड्या आल्या आणि त्या याच कामातील माणसांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या मालकीच्या व्हाव्यात अशी योजना झाली. २०१८ पासून केरळात तयार झालेले मॅनहोल साफ करणारे यंत्रही तिरुवनंतपुरममध्ये चालू लागले. म्हणून यंत्राला विरोध करण्याऐवजी नगरपालिकेच्या निविदेत यंत्राची मालकी कोणाची, चालविण्याचे शिक्षण कोणाला, पगार कायम की ठेक्याचा, या तीन अटी मागाव्या. ज्याचा बाप दोरीने आत सोडला गेला त्याचा मुलगा गाडीच्या खटक्यावर बसावा. आपल्यापैकी जे नगरसेवक आहेत, जे इंजिनियर म्हणून पाणी व मलनिःसारण खात्यांत आहेत, आणि अशांची संख्या आता थोडी नाही, त्यांना हे काम करता येते.

घरातील काम मात्र कोणत्याही खात्याचे नाही. उरलेले तेल बाटलीत भरून कचऱ्यात टाकावे. डायपर, पॅड, चिंधी संडासात जाता कामा नये. हे घरातील मुलींना सांगताना संकोच वाटू देऊ नये, आणि मुलांनाही सांगावे. लादीचे काम निघाल्यास गवंड्याला पहिल्याच दिवशी बजावावे आणि चेंबरच्या तोंडाशी जाळी लावावी. पावसाचे पन्हाळे मैल्याच्या चेंबरला जोडले असल्यास ते तोडून निराळे करून घ्यावे. गल्लीतील झाकण तुटले किंवा चोरीस गेले तर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. मुंबईत त्यासाठी महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. पाणी साचले तरी झाकणास हात लावू नये. आणि चेंबर तुंबला, सरकारी गाडी चार दिवसांनी येणार असेल, तर चार दिवस थांबावे, किंवा यंत्राची खासगी गाडी मागवून जास्तीचे पैसे भरावे. आमच्या सोसायटीने २०१६ नंतर वर्षातून दोन वेळा, एप्रिलमध्ये आणि दिवाळीनंतर, गाडी मागवून वाहिनी धुऊन घेण्याचा ठराव केला. खर्च दर घरटी फारसा येत नाही. ठरावाच्या वेळी दोन सभासदांनी विरोध केला. त्यांतील एकाचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे.

वॉर्ड कचेरीला विचारण्याचा अधिकार आपणास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दिला आहे. दहा रुपयांचा अर्ज लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आमच्या प्रत्येक वाचककुटुंबाने येत्या पावसाळ्याआधी असा एक अर्ज करावा, अशी आमची सूचना आहे. त्यात पाच प्रश्न असावेत: आमच्या गल्लीतील मलवाहिनी यापूर्वी कोणत्या तारखेस यंत्राने साफ केली, तिची आतून कॅमेऱ्याने तपासणी कधी झाली, सफाईचा ठेका कोणाकडे असून त्याच्याकडे जेटिंग व सक्शनच्या गाड्या किती आहेत, गेल्या तीन वर्षांत माणूस उतरविण्यासाठी लेखी परवानग्या किती दिल्या, त्यांच्या प्रती द्याव्यात, आणि ठेकेदाराने वायुमापक यंत्रे किती खरेदी केली, त्यांच्या पावत्यांच्या प्रती द्याव्यात. अर्ज मराठीत साध्या कागदावर चालतो. त्यावर घरातील गृहिणीने सही केली तरी तो तितकाच वैध असतो.